निस्पंद बिंदू आणि विजेची गिटार

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ रामन विज्ञान केंद्र आहे. १९९२ साली सुरू झालेल्या या केंद्रात विदर्भातल्या शाळांच्या सहली येतात. रामन म्हटले की मुले 'रामन परिणाम, १९२८. नोबेल पारितोषिक, १९३०' एवढे धडाधड सांगतात. खुद्द रामन एके काळी नागपुरात नोकरीला होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या काळात त्यांच्या डोक्यात विषय होता तो ताणलेल्या तारेचा.

या तारेची गोष्ट आपण इथे पाहणार आहोत. आज आपल्याच वर्गातली काही मुले विजेची गिटार शिकतात. तिचा आवाज कुठून येतो, एकाच तारेतून इतके वेगवेगळे सूर कसे निघतात, हे ती विचारतात. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला वारंवार रामन यांच्या तारेपाशी यावे लागते.

हिशेब खात्यातील शास्त्रज्ञ

चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी झाले. नेमणूक कलकत्त्याला होती. तिथे बहूबाजार रस्त्यावर डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था होती. कचेरीपूर्वी आणि कचेरीनंतर रामन तिथल्या प्रयोगशाळेत काम करत. पण सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. १९०९ मध्ये रंगून, १९१० मध्ये नागपूर आणि १९११ मध्ये पुन्हा कलकत्ता, असा त्यांचा प्रवास झाला. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती.

बदलीच्या गावी कलकत्त्याची प्रयोगशाळा नव्हती. तरीही या वर्षांत त्यांचे लेखन थांबले नाही, याचे एक कारण त्यांनी निवडलेल्या विषयात आहे. एक बारीक तार, एक नादकाटा, काही वजने, एक दिवा आणि छायाचित्राची काच एवढ्यावर ध्वनिशास्त्रातले बरेच काम होऊ शकते. शिवाय सूर त्यांच्या घरातलेच होते. वडील व्हायोलिन वाजवत आणि पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवत. आपल्या भजनी मंडळांतही दिसणाऱ्या एकतारीवर रामन यांनी १९०९ साली एक टिपण लिहिले, यात मग नवल वाटत नाही.

कागदाचे स्वार

शाळेतला स्वरमापी घेऊ. ताणलेल्या तारेवर ठिकठिकाणी कागदाचे छोटे स्वार बसवले आणि तार दोन, तीन किंवा चार भागांत कंप पावू लागली, की काही स्वार उडून पडतात आणि काही जागच्या जागी राहतात. पडतात ते प्रस्पंद बिंदूवरचे, राहतात ते निस्पंद बिंदूवरचे. यावरून आपण फळ्यावर लिहितो, 'निस्पंद बिंदू स्थिर असतो.'

इथे एका चौकस विद्यार्थ्याने विचारावे असा प्रश्न आहे. नादकाटा तारेच्या एका टोकाला हलवतो आहे. दुसऱ्या टोकाकडचा भागही कंप पावतो आहे आणि हवेच्या घर्षणाने तो सतत ऊर्जा गमावतो आहे. ही ऊर्जा त्याला मिळते कुठून? ती नादकाट्याकडूनच, म्हणजे मधल्या निस्पंद बिंदूंतून पलीकडे जायला हवी. जो बिंदू अजिबात हलत नाही, त्यातून ऊर्जा पुढे जाणार कशी?

रामन यांनी १९०९ साली 'नेचर' साप्ताहिकात नेमका हाच मुद्दा मांडला आणि १९११ साली 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात त्याच शीर्षकाचा लेख लिहिला. निस्पंद बिंदू हलतो, फक्त फार थोडा हलतो. बाकीची तार एका टोकाला पोचून क्षणभर थांबलेली असते तेव्हा हा बिंदू आपल्या मधल्या स्थानातून जात असतो. म्हणजे दोन्ही हालचालींमध्ये पाव आवर्तनाचे अंतर असते. स्वार पडत नाही, कारण एवढ्याशा हालचालीने तो उडत नाही. फळ्यावरचे वाक्य चुकीचे नाही, पण ते 'जवळजवळ' या शब्दाशिवाय अपुरे आहे.

घोडी हलली पाहिजे

हाच विचार वाद्याला लावू. तार जिथे घोडीवर टेकते तेही एक निस्पंद टोकच. घोडी पूर्ण स्थिर राहिली तर तारेची ऊर्जा खाली लाकडात उतरणार नाही. बारीक तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही, तेव्हा ऐकू येईल असा आवाजही होणार नाही. सतार, वीणा, व्हायोलिन किंवा साधी गिटार मोठ्याने वाजते ती घोडी किंचित हलते म्हणून. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. ऊर्जा जितक्या लवकर भोपळ्यात किंवा पेटीत जाईल, तितक्या लवकर तारेचा सूर विरतो.

विजेच्या गिटारने हा व्यवहारच बदलला. अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१ च्या सुमारास मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन पद्धतीची गिटार तयार केली. तिचा आकार तव्यासारखा असल्याने तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. १९३७ साली तिचे पेटंट मिळाले. तिच्यात तारेजवळ चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे होते. यालाच पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकाजवळ असल्याने स्वतः थोडी चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि फॅराडे यांनी १८३१ साली दाखवल्याप्रमाणे वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मुका राहील.

आवाज थेट तारेवरूनच उचलता येत असल्याने घोडीने हलण्याची गरज उरली नाही. उलट पोकळ पेटी अडचणीची ठरू लागली. स्पीकरच्या आवाजाने पेटी थरथरते, ती तारेला हलवते आणि तो आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक किंचाळतो, तोच हा प्रकार. म्हणून भरीव लाकडाची गिटार आली. लिओ फेंडर यांची १९५० सालची आणि गिब्सन कंपनीची १९५२ सालची गिटार ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. तिचा सूर पोकळ गिटारपेक्षा जास्त वेळ टिकतो.

पिकअप कुठे बसवायचा?

छेडलेल्या तारेत मूळ सुराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे संनादी सूरही असतात, आणि प्रत्येकाचे निस्पंद बिंदू वेगवेगळे असतात. पिकअप एखाद्या संनादीच्या निस्पंद बिंदूखाली असेल तर तो सूर त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. १९५४ च्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारवर तीन पिकअप आहेत. त्यांपैकी मानेकडचा पिकअप घोडीपासून मोकळ्या तारेच्या सुमारे पाव लांबीवर येतो, त्यामुळे मोकळ्या तारेचा चौथा संनादी त्यात क्षीण होतो. बोटाने तार दाबून तिची लांबी बदलली की हे गणितही बदलते. घोडीजवळच्या पिकअपला वरचे संनादी अधिक मिळतात, म्हणून त्याचा आवाज तीक्ष्ण असतो.

छेडण्याच्या जागेलाही असाच नियम आहे. थॉमस यंग यांच्या नियमाप्रमाणे ज्या बिंदूवर तार छेडली, तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू आहे ते संनादी निघत नाहीत. मध्यावर छेडल्यास सम क्रमांकाचे सारे गळतात. पण रामन यांनी १९२१ साली दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. त्यांच्या घोडीची पाठ रुंद व किंचित वक्र असते आणि कंप पावणारी तार तिला पुन्हापुन्हा स्पर्श करते, त्यामुळे नियमाने गळायला हवेत ते सूरही हजर राहतात. मिरजेचे कारागीर जवारी काढतात तेव्हा नेमकी हीच पाठ घासून जुळवत असतात. गिटारची तार मात्र अरुंद कडेवर टेकते, म्हणून तिथे यंग यांचा नियम बऱ्यापैकी लागू पडतो.

सराव करणाऱ्यांसाठी

हे समजल्यावर शिकाऊ वादकाला सरावात काय करता येईल?

एक, छेडण्याची जागा बदलून ऐकावे. एकच सूर मानेजवळ, मध्ये आणि घोडीजवळ सावकाश वाजवावा. आवाजातला फरक आधी कानाने ओळखावा, मग यंत्राची बटणे फिरवावीत.

दोन, बाराव्या, सातव्या आणि पाचव्या पडद्यावर तार न दाबता बोट अलगद टेकवावे आणि छेडताच उचलावे. तारेच्या निम्म्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागाचे निस्पंद बिंदू अनुक्रमे तिथे येतात. बोट थोडे जरी सरकले तरी सूर मरतो, म्हणून हा अचूकतेचा उत्तम सराव आहे.

तीन, सुरात लावताना जाड 'ई' तारेचा पाचव्या पडद्यावरचा आणि 'ए' तारेचा सातव्या पडद्यावरचा सूर एकत्र वाजवावा. पहिल्याची कंप्रता ८२.४ च्या चौपट म्हणजे ३२९.६ आणि दुसऱ्याची ११० च्या तिप्पट म्हणजे ३३० हर्ट्झ. आवाज सुमारे पावणेतीन सेकंदांत एकदा कमी-जास्त होत घुमला पाहिजे. घुमणे पूर्ण थांबवले, तर तारा गिटारच्या पडद्यांच्या समान अंतराच्या हिशेबापासून किंचित ढळतात.

चार, पिकअपमधून गुणगुण येत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची असते. गिटार धरून थोडे वळून पाहावे. वेटोळ्याची दिशा बदलते तशी गुणगुण कमी-जास्त होते. १९५७ साली गिब्सनच्या गिटारांवर आलेल्या जोड पिकअपमध्ये दोन वेटोळी व त्यांचे चुंबक उलटसुलट लावलेले असतात. त्यामुळे बाहेरची गुणगुण वजा होते आणि तारेचा संकेत बेरजेत येतो.

शिक्षकांना विनंती

स्वरमापीचा तास घेताना कागदाचे स्वार बसवा, आणि ते पडले नाहीत म्हणजे बिंदू स्थिर आहे, असे वाक्य लिहून पुढे जाऊ नका. 'पलीकडच्या भागाला ऊर्जा कोण देते?' हा प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा. वर्गात कुणाकडे गिटार असेल तर ती आणायला सांगा. नागपूरच्या वर्षात बदलीवर असलेल्या तरुण अधिकाऱ्याजवळ जेवढे साहित्य असेल, त्याहून आपल्या शाळेतले कपाट फार गरीब नाही. ज्या गोष्टीकडे सगळे 'हे माहीत आहे' म्हणून पाहतात, तिथे पुन्हा एकदा थांबून पाहण्याची सवय मात्र त्या कपाटात मिळत नाही; ती वर्गातच लावावी लागते.