अभिजात मोटारींतील गुंतवणूक आणि मोत्यांचा धडा

मनामाच्या जुन्या बाजाराचे प्रवेशद्वार असलेली बाब अल बहरीन ही वास्तू १९४९ मध्ये उभी राहिली. त्यापूर्वी कित्येक पिढ्या येथील समृद्धी मोत्यांवर विसंबून होती आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती यांमुळे भाव कोसळले. १९३२ मध्ये तेल सापडले आणि देश सावरला. मोत्यांचा व्यापार मात्र पूर्ववत झाला नाही.

अस्थिर काळात जुन्या मोटारींकडे वळणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानी घ्यावा. मोटार व्याज देत नाही. विमा, निवारा व सुटे भाग यांचा खर्च मात्र मागते. १९८० च्या दशकाअखेरीस चढलेले फेरारीचे भाव १९९० नंतर झपाट्याने उतरले. २०१८ मध्ये एका ‘२५० जीटीओ’ला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले, पण तशा मोटारी जेमतेम ३६ बनल्या होत्या.

मूल्य ठरते ते दुर्मिळता, इंजिन व चासी क्रमांकांचा मेळ आणि मालकीची अखंड कागदपत्रे यांवर.

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनास ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे; दैनंदिन वा व्यावसायिक वापरास मनाई.

ग्राहक मिळण्यास महिने लागू शकतात. ज्यांचा निवासपरवाना नोकरीशी बांधलेला आहे, त्यांनी मुलांच्या शिक्षणाचा आणि मायदेशी परतण्याचा पैसा यात अडकवू नये.