बर्मिंगहॅमचा वर्ग

मागच्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. बी.ए. झालंय, एम.ए. करायचंय. म्हणाला, "सर, एम.ए.ला सगळे मेलेलेच लेखक असतात का? आपल्या मोहल्ल्यातली पोरं काय ऐकतात, मोबाईलवर काय बघतात, कशी बोलतात, याचा अभ्यास कुठे होतो का?" मी त्याला चहा दिला आणि बर्मिंगहॅमची गोष्ट सांगायला घेतली. मगरिबची अजान झाली आणि ती अर्धवट राहिली. म्हणून इथे लिहितो.

१९६४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगार्ट यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं एक केंद्र सुरू केलं. तिथे पदवीचे वर्ग नव्हते, फक्त पदव्युत्तर विद्यार्थी घेतले जायचे. इंग्रजी साहित्य म्हणजे शेक्सपिअर, मिल्टन आणि थोर कादंबऱ्या, अशी तेव्हाची समजूत होती. बायकांची साप्ताहिकं, पॉप गाणी, वर्तमानपत्रांचे मथळे आणि टीव्हीवरच्या मालिका हेही विद्यापीठात बसून नीट वाचावं, असं हॉगार्ट म्हणत होते.

हॉगार्ट स्वतः लीड्सच्या कामगार वस्तीतले. आईवडील लहानपणीच गेले आणि आजीने वाढवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर बरीच वर्षं त्यांनी हल इथे प्रौढांचे वर्ग घेतले. दिवसभर काम करून संध्याकाळी शिकायला येणारी माणसं समोर असायची. १९५७ साली त्यांचं 'द यूजेस ऑफ लिटरसी' हे पुस्तक आलं. त्याच्या पहिल्या भागात त्यांच्या वस्तीतली बोली, घरं, आया-मावश्या आहेत. दुसऱ्या भागात बाजारू मासिकं आणि गाण्यांवर टीका आहे. ती टीका मला थोडी कडवट वाटते. आपल्या लहानपणीचं सगळं अस्सल आणि आजच्या पोरांचं सगळं फुसकं, ही खोड आम्हा मास्तरांना असतेच.

केंद्रासाठी पैसा कुठून आला, ती कथा मजेशीर आहे. १९६० साली पेंग्विनवर 'लेडी चॅटर्लीज लव्हर' छापल्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचलेलं तुम्हाला चालेल का, असं सरकारी वकिलाने ज्युरीला विचारलं. पुस्तक अवघ्या साडेतीन शिलिंगांत कुणाच्याही हाती पडणार, ही खरी धास्ती होती. हॉगार्ट यांनी पुस्तकाच्या बाजूने साक्ष दिली. पेंग्विन सुटलं आणि पुस्तकाच्या दोन लाख प्रती पहिल्याच दिवशी खपल्या. पुढे हॉगार्ट यांनी पेंग्विनच्या अॅलन लेन यांच्याकडे मदत मागितली आणि लेन यांनी केंद्राला दरवर्षी रक्कम द्यायचं कबूल केलं. बायको आणि नोकरांनी काय वाचावं या भांडणातून सुटलेल्या प्रकाशकाचा पैसा, बायका आणि नोकर काय वाचतात याच्या अभ्यासाला लागला.

विद्यापीठात स्वागत मात्र थंडच झालं. इंग्रजी विभागातल्या बऱ्याच जणांना हा थिल्लरपणा वाटला. समाजशास्त्राच्या दोघांनी तर पत्र पाठवून बजावलं की पुस्तकांपुरतं ठीक आहे, समाजाच्या अभ्यासात हात घालाल तर याद राखा. हे मला फार ओळखीचं वाटतं. बी.एड.ला असताना मी मराठीच्या पाठ टाचणात सिनेमाचं एक गाणं घेतलं होतं. निरीक्षकांनी शेरा मारला, 'दर्जा राखावा.' पण वर्गातली जी मुलं महिनाभर तोंड उघडत नव्हती, ती त्या दिवशी बोलली होती. शेऱ्यात त्याची नोंद नव्हती.

हॉगार्ट यांनी सोबतीला स्टुअर्ट हॉल यांना बोलावलं. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जन्म १९३२, जमैकातलं किंग्स्टन. १९५१ साली शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आले. हेन्री जेम्सवर प्रबंध सुरू केला आणि तो अर्धाच सोडला. मग दक्षिण लंडनमध्ये शाळामास्तर झाले. अकराव्या वर्षी परीक्षेच्या चाळणीने बाजूला काढलेल्या मुलांसाठी ज्या शाळा असत, त्यातल्या एका शाळेत. दिवसा मास्तरकी, रात्री डाव्या विचारांच्या नियतकालिकाचं संपादन. १९५८ मध्ये नॉटिंग हिल भागात काळ्यांविरुद्ध दंगल झाली, तेव्हा त्यांच्याच शाळेतली काही गोरी मुलं तिकडे जात होती. आपण शिकवतो ती पोरं कोणाचं ऐकून बाहेर काय करतात, हा प्रश्न त्यांना ग्रंथालयात सापडला नव्हता. १९६४ मध्येच पॅडी व्हॅनेल यांच्यासोबत त्यांचं 'द पॉप्युलर आर्ट्स' आलं. सिनेमा, जाझ आणि टीव्ही वर्गात कसे शिकवावेत, हे सांगणारं ते पुस्तक मुख्यतः शिक्षकांसाठी होतं.

१९६८ च्या सुमारास हॉगार्ट रजा घेऊन पुढे युनेस्कोत गेले आणि केंद्राची धुरा हॉल यांच्याकडे आली. शिकवणारे दोन-तीन, विद्यार्थी मात्र वाढत होते. तयार अभ्यासक्रम नव्हता, मग गट पाडून एकत्र वाचायचं आणि एकत्र लिहायचं. चक्रमुद्रित लेख वाटायचे, १९७१ पासून स्वतःचं नियतकालिक. पुस्तकावर चार-पाच नावं असायची. आपल्याकडे एका प्रबंधावर मार्गदर्शकाचं नाव कुठे टाकायचं यावरून रुसवे होतात, ते आठवून हसू येतं.

त्यातलं मला सगळ्यात जवळचं पुस्तक म्हणजे केंद्रातल्या पॉल विलिस यांचं १९७७ चं 'लर्निंग टू लेबर'. एका औद्योगिक गावातल्या शाळेतली कामगारांची बारा पोरं. विलिस त्यांच्यासोबत वर्गात बसले, बाहेर हिंडले, ती कामाला लागली तेव्हा कारखान्यातही गेले. पोरं मास्तरांची टर उडवायची आणि नीट ऐकणाऱ्या मुलांना 'कान' म्हणून हिणवायची. विलिस म्हणतात, ही पोरं मूर्ख नव्हती. प्रमाणपत्राचं आमिष आपल्यासारख्यांसाठी बहुतेक खोटंच आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण त्याच बंडाने त्यांना हसतखेळत बापाच्याच कारखान्यात नेऊन उभं केलं. आठवी-नववीतून गॅरेजात नाहीतर यंत्रमागावर गेलेले माझे किती विद्यार्थी मला हे वाचताना आठवले! त्यांना मी 'शिक्षणाचं महत्त्व' या विषयावर निबंध लिहायला लावले होते.

दुसरं पुस्तक १९७८ चं 'पोलिसिंग द क्रायसिस', हॉल आणि चार सहकाऱ्यांचं. १९७२ मध्ये बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागात तीन मुलांनी एका माणसाला मारहाण करून लुटलं. गुन्हा खरा होता, जखमा खऱ्या होत्या. पण पुढच्या वर्षी एकाला वीस वर्षांची आणि दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा केंद्रातल्या मंडळींनी विचारलं की एवढी का? त्या काळात 'मगिंग' हा अमेरिकेतून आलेला शब्द रोज छापला जात होता. कायद्यात त्या नावाचा गुन्हाच नव्हता, मग तो वाढला हे कशावरून? वर्तमानपत्र पोलिसांचा हवाला देई, न्यायाधीश जनतेच्या काळजीचा, आणि जनतेची काळजी वर्तमानपत्रांतून आलेली. या चक्रात 'मगर' म्हणजे काळा तरुण, हे समीकरण पक्कं होत गेलं. ज्यांनी आपल्या वस्तीचं नाव मथळ्यात वाचलंय, त्यांना हे कळायला इंग्लंडला जावं लागत नाही. पण मथळा कसा घडतो हे वर्षानुवर्षं कात्रणं लावून, शब्दागणिक दाखवणं वेगळं. संताप आपल्याकडेही आहे, कात्रणांची फाईल सहसा नसते.

केंद्राच्या आतही भांडणं झाली. बायका म्हणाल्या, तुमच्या सगळ्या अभ्यासात पोरंच पोरं. मुली रस्त्यावर नसतील तर घरात काय करतात, ते कोण बघणार? १९७८ मध्ये त्यांनी 'विमेन टेक इश्यू' काढलं. केंद्रातल्याच अँजेला मॅकरॉबी यांनी विलिस यांच्यावरही हा आक्षेप घेतला. १९८२ मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आलं. त्यात पॉल गिलरॉय होते आणि आशियाई बायकांच्या लढ्यांवर लिहिणाऱ्या प्रतिभा परमारही.

हॉल १९७९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीत गेले होते. पदवी नसलेले, नोकरी सांभाळून टीव्ही-रेडिओवरून शिकणारे लोक पुन्हा त्यांच्या समोर आले. केंद्राचा पुढे विभाग झाला, त्यात पदवीचे वर्गही आले. २००२ मध्ये विद्यापीठाने तो बंद केला. संशोधनाच्या सरकारी मूल्यमापनात गुण कमी पडले, हे कारण दिलं. विद्यार्थ्यांची कमतरता नव्हती. हॉल आणि हॉगार्ट दोघेही २०१४ सालीच गेले, दोन महिन्यांच्या अंतराने.

परवा तो विद्यार्थी पुन्हा आला. विषय ठरलाय म्हणाला, शाळा सोडून गॅरेजात गेलेली आपली पोरं, त्यांची भाषा, त्यांची गाणी.

"आणि त्यांच्या बहिणी?" मी विचारलं.

जरा वेळ गप्प बसला. मग वही काढून लिहून घेतलं.