यरुशलेमच्या मंडळीतील कुरकूर : एक शब्दविचार

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायारंभी यरुशलेमच्या आद्य ख्रिस्ती मंडळीतील एका कलहाचा वृत्तांत आहे. काळ साधारणतः इ. स. ३० ते ३५ च्या दरम्यानचा. मंडळीतील ‘हेलेनिस्ताय’ गटाने ‘हेब्राइओइ’ गटाविरुद्ध तक्रार केली की, दररोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. बारा प्रेषितांनी सर्वांस बोलावून सात माणसे निवडावयास सांगितले व ते काम त्यांच्याकडे सोपविले.

दोन्ही गट यहुदीच होते. भेद भाषेचा होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात : एकाची ग्रीक, दुसऱ्याची अरामी. यरुशलेमेत ग्रीकभाषी यहुदी वस्ती होती, यास १९१३-१४ च्या उत्खननात सापडलेला थिओडोटसचा ग्रीक शिलालेख साक्षी आहे. परदेशाहून येणाऱ्या गरजूंसाठी सभास्थानाला जोडून खोल्या व पाण्याची सोय केल्याचा त्यात उल्लेख आहे. परगावाहून येऊन राहिलेल्या विधवांना आप्तांचा आधार नसणे सहज संभवते.

मत्सरास ग्रीकमध्ये ‘झेलोस’ आणि ‘फ्थोनोस’ हे शब्द आहेत. पैकी ‘झेलोस’ हा शब्द लेखकाने पाचव्याच अध्यायात महायाजकाच्या पक्षासंबंधी वापरलेला आहे. तक्रार करणाऱ्यांस मात्र तो लावलेला नाही. तेथे शब्द येतो ‘गोंगिस्मोस’. आपल्या ‘कुरकूर’प्रमाणेच हाही ध्वन्यनुकारी. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात रानातील इस्राएल लोकांच्या कुरकुरीस हाच शब्द असून तेथे त्यात दोषाची छटा आहे. येथे ती तक्रार खोटी असल्याचे लेखक कोठेही सुचवीत नाही. दुर्लक्षासाठी योजलेल्या क्रियापदाचा धात्वर्थ ‘पलीकडे पाहणे’ असा होतो. मराठीत ‘नजरेआड करणे’ म्हणता येईल. त्याचे रूप अपूर्ण भूतकाळाचे आहे. म्हणजे चूक एकदाच घडलेली नव्हती, ती चालू होती. प्रयोग कर्मणी असल्यामुळे कर्ता मात्र अनुक्त राहतो. पक्षपात असाच चालतो. करणारास तो बहुधा दिसतही नाही.

निवडलेल्या सातांची नावे स्तेफन, फिलिप्प, प्रोखरस, निकानोर, तिमोन, पार्मेनास आणि नीकलाव अशी आहेत. सातही नावे ग्रीक. केवळ नावावरून गट ठरविणे धोक्याचे आहे, कारण बारा प्रेषितांतही अंद्रिया व फिलिप्प ही ग्रीक नावे आढळतात. तथापि सातांपैकी सात, आणि त्यांतील नीकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी धर्म स्वीकारलेला. तेव्हा ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी आली, असे अनुमान करण्यास हरकत नसावी. ती केवळ त्यांच्या विधवांपुरती नव्हती, हे विशेष. इब्री विधवांनाही आता याच सातांवर विश्वास ठेवणे प्राप्त होते. आणि ही निवड सर्व समुदायास मान्य झाली, असे लेखक सांगतो.

वाटणी व वचनाचा प्रचार या दोहोंस मूळात ‘दिआकोनिया’ हा एकच शब्द आहे. कामाची विभागणीही पुढे तंतोतंत टिकलेली दिसत नाही. स्तेफन वाद-विवादात पुढे आला व दगडमाराने मारला गेला. फिलिप्प शोमरोनात उपदेश करू लागला. सुमारे वीस-पंचवीस वर्षांनंतर पौल कैसरियात त्याच्या घरी उतरला, तेव्हाही त्याची ओळख ‘सातांपैकी एक’ अशीच दिलेली आहे.