पंचाहत्तर स्वस्त डिस्क आणि एक बॅटरी

"सर्व्हर स्लो आहे" अशी बोंब झाली की पहिला संशय डेटाबेसवर, दुसरा नेटवर्कवर आणि तिसरा कालच काहीतरी डिप्लॉय केलेल्या बिचाऱ्या नव्या पोरावर. डिस्क अ‍ॅरेकडे बघेपर्यंत संध्याकाळ होते. पण मंडळी, त्यातला एक स्लोपणा १९८८ पासूनचा आहे!

त्या साली बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी 'रेड'वरचा प्रसिद्ध पेपर लिहिला. तेव्हा मेनफ्रेमला लागायची आयबीएम ३३८०. साडेसात जीबीची डिस्क, आकार मोठ्या फ्रीजएवढा. दुसरीकडे पीसीसाठी कॉनर कंपनीची १०० एमबीची चिमुकली डिस्क आली होती. हिशोब सोपा होता. असल्या ७५ जोडल्या की जागा तेवढीच, आणि वाचायला-लिहायला एकाच वेळी ७५ जणी हजर.

फक्त एक गोची होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर १०० डिस्कपैकी कुठलीतरी एक ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच मान टाकणार. म्हणून जास्तीची माहिती ठेवणं आलं. (रेडमधला 'आय' मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा. पुढे त्याचा 'इंडिपेंडंट' झाला. स्वस्त म्हणून सांगितलेली वस्तू महाग कशी विकणार?)

प्रत्येक डिस्कची जुळी ठेवायची तर निम्मे पैसे त्यातच जातात. त्यापेक्षा पॅरिटी स्वस्त, आणि रेड ५ लोकप्रिय झालं ते त्यामुळेच. पण यात एक छोटासा ब्लॉक बदलायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका कामाला चार फेऱ्या! हे त्या पेपरातच स्पष्ट लिहिलंय, कुणी लपवलेलं नाही. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण ७५-८० रँडम कामं करते. अशा पाच घेतल्या तर वाचन चारशेच्या आसपास, लिखाण मात्र जेमतेम शंभर.

मग हे रोज जाणवत का नाही? कारण कंट्रोलरवरची कॅश. लिखाण मेमरीत घेऊन ती लगेच "झालं" म्हणते आणि डिस्कवर सावकाश उतरवते. मध्येच वीज गेली तर डेटा वाचावा म्हणून तिला बॅटरी.

आमच्याकडे एका सर्व्हरचा दर तीन महिन्यांनी काही तास जीव जायचा. सीपीयू निवांत, सगळ्या डिस्क हिरव्या, पण आयोस्टॅटमध्ये लिखाणाचा वेट टाइम आभाळाला. शेवटी कंट्रोलरचा लॉग वाचला. बॅटरी स्वतःची परीक्षा घ्यायला पूर्ण डिस्चार्ज होऊन पुन्हा चार्ज होत होती, आणि तेवढा वेळ कंट्रोलर इमानदारीत कॅश बाजूला ठेवून 'राइट-थ्रू'वर जात होता. म्हणजे आम्ही थेट १९८८ च्या चार फेऱ्यांवर! बॅकअपही नेमका त्याच वेळी सुरू व्हायचा. दोन्हींच्या वेळा वेगळ्या केल्या, तक्रारी थांबल्या.

नंतरच्या बऱ्याच कंट्रोलरांत बॅटरीच्या जागी कपॅसिटर आणि फ्लॅश आले. असो. कपॅसिटरही म्हातारे होतात, त्यामुळे पुढच्या वेळी त्या नव्या पोराला हाक मारण्याआधी कॅश 'राइट-बॅक'वर आहे की 'राइट-थ्रू'वर, तेवढं बघून घ्या.