झेंडूच्या फुलांपासून शिवाजी पार्कपर्यंत

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा व्याख्यानास येणारा गृहस्थ दोन गोष्टी शिकून घरी जावे म्हणून येत असे. हसावयाचे झाले तर त्याला तमाशाचा फड होता, दारी येणारा बहुरूपी होता, होळीचा सण होता. ज्ञानाचा मांडव निराळा आणि हशाचा मांडव निराळा. पुढील पाऊणशे-ऐंशी वर्षांत हे दोन्ही मांडव महाराष्ट्रात एक झाले. ते एक करण्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, तो माणूस म्हणजे सासवडजवळच्या कोडीत गावी १३ ऑगस्ट १८९८ रोजी जन्मलेले प्रल्हाद केशव अत्रे.

विनोद करणाऱ्या माणसाने राजकारणाची झडती घ्यावी हा प्रकार आता जगभर रूढ झाला आहे. अमेरिकेत जॉन स्ट्युअर्ट या विनोदी नटाने १९९९ पासून दूरचित्रवाणीवर सत्ताधाऱ्यांची हजेरी घेण्यास आरंभ केला आणि पुष्कळ तरुण मंडळी त्यालाच वृत्तपत्र मानू लागली. युक्रेनमध्ये तर असा नट २०१९ साली राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. आपल्याकडे हा प्रयोग त्यापूर्वी कितीतरी वर्षे झाला, आणि तोही पडद्यावाचून, नुसत्या ध्वनिक्षेपकावर.

मारेगावच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना आमची एक अडचण आहे, ती आधीच सांगून टाकतो. अत्र्यांचा सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा लढा. त्या लढ्यात पुण्या-मुंबईचा श्रोता जसा हसला तसा आपला भाग हसला नाही. का हसला नाही, हे पाहिल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही असे आम्हांस वाटते.

आरंभ मात्र आपल्याच वऱ्हाडात करावा लागतो. मराठी विनोदाचे आद्य पीठ पुण्यात नव्हते, ते बुलढाणा जिल्ह्यात होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे वकिलीच्या निमित्ताने खामगाव आणि जळगाव-जामोद येथे राहिले, आणि तेथूनच त्यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ महाराष्ट्राला वाटले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाच्या तोंडून त्यांनी आपल्या रूढींची जी फजिती केली ती वाचून जुनी मंडळी रागावली, परंतु हसली. कोल्हटकरांचे शिष्य राम गणेश गडकरी, आणि गडकऱ्यांना गुरू मानणारे अत्रे. कोल्हटकरांचा विनोद वकिलाचा होता, बैठकीत बसून मुद्दा काढणारा. गडकऱ्यांनी त्याला नाटकी पोशाख दिला. अत्र्यांनी त्याला उचलून चव्हाट्यावर आणले.

१९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनांचा संग्रह निघाला. पुण्यात त्या वेळी रविकिरण मंडळाच्या कवींचा मोठा बोलबाला होता. चहा घेत एकमेकांच्या कविता ऐकाव्यात, रेंदाळलेल्या सुरात गाव्यात आणि प्रेमाच्या दुःखाने व्याकुळ व्हावे, असा सारा थाट. अत्र्यांनी हे सारे उलटे करून दाखविले. विडंबन लिहिणे सोपे आहे असे ज्याला वाटते त्याने एकदा लिहून पाहावे. मूळ कवीचा सूर त्याच्याहूनही चांगला कानात बसावा लागतो, त्याच्या लकबीतील एखादाच शब्द नेमका हेरावा लागतो, आणि तो किंचित फुगवून परत करावा लागतो. फार फुगविला तर तो निव्वळ टवाळपणा होतो. पुढे तीस वर्षांनी अत्र्यांनी मंत्र्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या भाषणांना जे केले ते हेच. कान तोच होता, फक्त कवींच्या जागी मंत्री आले होते.

दुसरी तालीम शाळेत झाली. अत्रे हे पेशाने शिक्षक. पुण्याच्या कँपातील शाळेचे ते मुख्याध्यापक होते, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेऊन आले होते, आणि ‘नवयुग वाचनमाला’ ही मुलांची क्रमिक पुस्तके त्यांनी तयार केली. लहान वाक्य, रोजचा शब्द, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळेल असा दाखला, ही सवय त्यांना तेथे लागली. चाळीस मुलांचा वर्ग ताब्यात ठेवणाऱ्याला चाळीस हजारांची सभा फारशी अवघड जात नसावी. आम्ही स्वतः वर्गावर उभे राहिलो आहोत, म्हणून हे बोलण्याचे धाडस करतो.

नाटकांची हकीकत श्रोत्यांना ठाऊक आहे, तेव्हा ती थोडक्यात आटोपतो. १९३३ साली बालमोहन नाटक मंडळीने ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणले. बोलपटांनी नाटक कंपन्यांचा धंदा बसविलेला तो काळ. नमस्कारांचे वेड, ज्योतिषाचे वेड, काव्याचे वेड अशी घरभर वेडे भरलेली पाहून प्रेक्षक पोट धरून हसले. त्यामागून ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’. येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या नाटकांतील ‘घराबाहेर’ आणि ‘उद्याचा संसार’ ही दोन हसविणारी नाहीत. घरातल्या बाईच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाची आहेत. १९५३ साली त्यांनी ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि तो पाहून बाहेर पडणाऱ्यांचे डोळे ओले असत. लोकांना रडविता येते हे ज्याने सिद्ध केले आहे, त्याच्या विनोदाला एक निराळे वजन येते. नुसत्या विदूषकाला ते येत नाही.

राजकारणात ते एकदम उतरले असेही नव्हे. १९४० साली त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक काढले. त्यातून त्यांची अनेकांशी भांडणे जुंपली. काही योग्य होती, काही केवळ हौसेची. परंतु हास्यलेखक अत्रे आणि राजकीय वक्ते अत्रे यांना जोडणारा दिवस शोधावयाचा तर तो २१ नोव्हेंबर १९५५ हा होय. आदल्या दिवशी चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे तेथे ज्या भाषेत बजावण्यात आले त्याने लोक खवळले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला. पुढच्या जानेवारीत पुन्हा गोळ्या चालल्या. शंभरावर माणसे गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट अशी एरवी एका पंगतीला न बसणारी माणसे तीत एकत्र आली. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी डफावर थाप मारली. अत्र्यांनी हशा पुरविला.

गोळीबारानंतर हशा, हे ऐकून कोणास विचित्र वाटेल. परंतु भ्यालेल्या लोकांना पुन्हा उभे करावयाचे असेल तर ज्याचे भय वाटते त्याला हास्यास्पद करणे हा फार जुना उपाय आहे. मोरारजीभाईंच्या हाती पोलीस होते, बंदुका होत्या. शिवाजी पार्कच्या मैदानावर तो अवाढव्य देह ध्वनिक्षेपकापुढे उभा राही, आणि त्याच मोरारजींच्या एखाद्या वाक्याची अशी काही उलटतपासणी करी की लाखाच्या समुदायातून हास्याची लाट उठे. ज्याला आपण हसलो त्याला आपण भीत नाही, हे प्रत्येकाला घरी जाताना कळे. स. का. पाटलांचे त्यांनी ‘सदोबा’ करून टाकले, आणि ते नाव मुंबईतल्या पोरासोरांच्या तोंडी बसले. ‘झालाच पाहिजे’ या दोन शब्दांची घोषणा तर सभेच्या शेवटी लोक आपण होऊन देत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य लादले गेले आणि १५ नोव्हेंबरला ‘मराठा’ दैनिक निघाले. काल रात्री मैदानावर ऐकलेले आज सकाळी चहाबरोबर वाचावयाचे, अशी सोय झाली.

लोकांशी प्रश्नोत्तरे करीत, हसवीत हसवीत त्यांच्या वर्मावर बोट ठेवण्याची ही रीत आपल्याला नवी नव्हती. शेणगावचे गाडगेबाबा कीर्तनात हेच करीत. कर्ज काढून लग्न करणाऱ्याला, देवापुढे बोकड कापणाऱ्याला ते साधा प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि उत्तर देता देताच स्वतःला हसत. फरक इतकाच की बाबांच्या कीर्तनात श्रोता स्वतःला हसे, अत्र्यांच्या सभेत तो दुसऱ्याला हसे. हा फरक लहान नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. मारेगाव त्या काळी वणी तालुक्यात. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशचे नागरिक होतो आणि आपली राजधानी होती नागपूर. मुंबई गेली तर आपले काय गेले, हा प्रश्न परळच्या गिरणी कामगाराला विचारावा लागत नव्हता. वणीच्या कापूस उत्पादकाला तो समजावून सांगावा लागत होता. उलट त्याला दुसरी चिंता होती: राजधानी गेली, कचेऱ्या गेल्या, तर आपल्याला विचारील कोण? १९५३ च्या सप्टेंबरात नागपूर करार झाला तो या चिंतेवर तोडगा म्हणूनच. वर्षातून काही काळ सरकार नागपुरास येईल, खर्चात आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, असे त्यात लिहिलेले होते. १९५५ साली फाजल अली आयोगाने तर विदर्भाचे निराळे राज्य करावे अशीच शिफारस केली होती.

आणि त्या मताचा सर्वांत वडीलधारा पुरस्कर्ता आपल्या वणीचा होता. लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचा जन्म १८८० साली वणीस झाला. टिळकांचे अनुयायी, १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करून गवत कापणारे, पुढे बिहारचे राज्यपाल, आणि संस्कृतात टिळकचरित्र लिहिणारे पंडित. अणे यांचे बोलणे शांत, प्रमाणबद्ध, पुराव्यानिशी. त्या माणसाचे विडंबन करावयाचे तरी कसे? ज्याच्या बोलण्यात फुगवण्यासारखा शब्दच नाही, त्याच्यापुढे झेंडूची फुले निष्प्रभ होतात. शिवाय अणे यांच्यापाठीमागे जी तक्रार होती तिच्यात खोटे काही नव्हते. बापूजी चुकले असे म्हणणारे वऱ्हाडातही पुष्कळ होते, नागपूर करारावर वऱ्हाडच्या पुढाऱ्यांच्या सह्याही आहेत. परंतु त्यांना हसणारा येथे विरळा.

१९५७ च्या निवडणुकीने याचा आकडाच मांडून दिला. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत समितीने काँग्रेसची दाणादाण उडविली. स्वतः अत्रे दादरमधून विधानसभेवर गेले. तरीही द्विभाषिकाच्या ३९६ जागांपैकी काँग्रेसला २३४ मिळाल्या आणि यशवंतराव चव्हाणांचे सरकार टिकले. ते टिकले गुजरातेच्या बळावर, आणि मराठवाडा व विदर्भाच्या बळावर. शिवाजी पार्कचा हशा सह्याद्रीच्या या बाजूस उतरता उतरता विरून गेला होता. आमचे मत असे की यात अत्र्यांच्या वक्तृत्वाचा दोष नव्हता. विनोद दुखण्यावर फुंकर घालतो. दुखणे एकच असेल तरच सगळे एकदम हसतात. आपले दुखणे निराळे होते, आणि त्यावर बोलण्यास अत्र्यांच्या भात्यात काही नव्हते. सिंचन, रस्ते, नोकऱ्या यांवर कोटी होत नाही. त्या दुखण्याचे मोजमाप व्हावयास १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाची वाट पाहावी लागली, आणि ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हा घरोघर गेला. त्या शब्दाने कोणी हसत नाही.

त्यांच्या विनोदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अत्रे माणसाच्या मतावर तुटून पडत, तसे माणसावरही तुटून पडत. शरीर, घर, खाजगी आयुष्य यांपैकी काही त्यांना वर्ज्य नव्हते. त्यांचे भक्त याला रांगडेपणा म्हणतात. आम्ही त्याला दोषच म्हणतो, कारण टोपणनाव मिळालेल्या माणसाचा मुद्दा पुढे कोणी ऐकूनच घेत नाही. मग तो मुद्दा बरोबर का असेना. मात्र एवढे खरे की अत्रे अधिकाऱ्यापुढे झुकले आणि दुबळ्यावर घसरले असे झाले नाही. त्यांचे नेम वरच्या खुर्चीवरच असत.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि समितीचे काम संपले. जी पंगत एका मागणीसाठी बसली होती ती मागणी मिळताच उठली. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या, आणि त्याच वर्षी नागपुरातून अणे लोकसभेवर निवडून गेले. अत्रे पुन्हा रंगभूमीकडे वळले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘तो मी नव्हेच’ आले. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर एकामागून एक रूप पालटीत आणि न्यायाधीशापुढे शांतपणे सांगत की हे सारे करणारा मी नव्हेच. निवडणुकीच्या वर्षात आलेल्या या नाटकाला प्रेक्षकांनी कोणकोणत्या खुर्च्यांकडे पाहून टाळ्या दिल्या असतील, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

अत्र्यांच्या मागून विनोदी लेखक राजकीय व्यासपीठावर आले नाहीत असे नाही. १९७७ साली पु. ल. देशपांडे आणीबाणीच्या विरुद्ध प्रचारसभांतून बोलले, लोकांनी तुडुंब गर्दी केली, निकाल लागले आणि पु. ल. आपल्या लेखनाकडे परतले. त्यांनी तो एक प्रसंग मानला. अत्र्यांनी त्याचा संसार केला. वर्तमानपत्र, विधानसभा, खटले, कर्ज सगळे अंगावर घेऊन.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर गेले, तेव्हा समितीने काळी निशाणे घेऊन वाट अडविली. त्या निदर्शनांचे ढोल ‘मराठा’नेच वाजविले होते. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले, तेव्हा त्याच ‘मराठा’त अत्रे दिवसामागून दिवस नेहरूंवर लिहीत राहिले. पुढे त्याचे ‘सूर्यास्त’ हे पुस्तक झाले. ज्यांनी सहा-सात वर्षांपूर्वी त्यांच्या सभेत नेहरूंना हसून घेतले होते तीच माणसे आता ते लेख वाचून डोळे पुशीत होती.

लोकनायक अणे २६ जानेवारी १९६८ रोजी गेले, अत्रे १३ जून १९६९ रोजी. नागपूर करारातील अटीप्रमाणे सरकार हिवाळ्यात नागपुरास येते, आणि त्या दिवसांत तेथील चहाच्या टपरीवर आजही कोणी ना कोणी एखाद्या मंत्र्यावरची कोटी अत्र्यांची म्हणून सांगतो. त्यांतील कितीतरी त्यांच्या नाहीत. सांगणाऱ्याला ते ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही असते.