नगरपालिकेपासून महानगरापर्यंत : शहाडच्या शिवेवरून एक दृष्टिक्षेप

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पहिले स्थानक म्हणजे शहाड. या परिसरात कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महानगरपालिकांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. एकाच बाजारात भाजी घेणारे, एकाच फलाटावर गाडीची वाट पाहणारे शेजारी दोन निरनिराळ्या पालिकांना कर भरतात. नगरपालिकेची महानगरपालिका कशी होते, आणि महानगरपालिका झाल्याने गावाचे नगर होते काय, या प्रश्नाचा विचार करावयास शहाडच्या शिवेइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल.

कल्याण हे नगर म्हणून कोणत्याही पालिकेपेक्षा कितीतरी पुरातन आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांचे उल्लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा निर्देश असून, सत्ता पालटल्यावर तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असेही त्यात नमूद आहे. राजाज्ञेने व्यापाराचा ओघ वळला. पण नगर उरले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले, आणि खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला स्वराज्याच्या आरमाराच्या इतिहासाशी जोडला गेला.

आधुनिक कल्याणचा आरंभ मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. १८५५ साली हाच मार्ग शहाडवरून वाशिंदपर्यंत गेला. कल्याणची नगरपालिकाही त्याच वर्षी स्थापन झाली. १८५० च्या कायद्याने रहिवाशांच्या मागणीवरून गावात पालिका स्थापन करण्याची सोय झाली होती. रस्ते, दिवाबत्ती, सांडपाणी आणि झाडलोट एवढेच या संस्थांचे कार्यक्षेत्र असे, आणि सदस्य सरकारने नेमलेले असत. लोकांनी आपले प्रतिनिधी आपण निवडावेत हे तत्त्व लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर, १८८४ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने हळूहळू मूळ धरू लागले. १९०१ च्या जनगणनेत कल्याणची वस्ती जेमतेम दहा-अकरा हजार होती. पालिकेचा सदस्य रस्त्यात भेटे आणि तुंबलेल्या गटाराचा जाब त्याला तेथेच विचारता येई, इतके ते गाव आटोपशीर होते.

हे चित्र दुसऱ्या महायुद्धाने आणि फाळणीने पार बदलले. युद्धकाळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. याच सुमारास नदीच्या पाण्याच्या आणि लोहमार्गाच्या आधाराने मोहने येथे नॅशनल रेयॉन, तर १९५० च्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉन हे कृत्रिम धाग्याचे कारखाने उभे राहिले. घाटमाथ्यावरून, कोकणातून, उत्तरेतून कामगार आले, चाळी उठल्या. भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर जेवणारी एक नवी वस्ती जुन्या गावांच्या शेतजमिनीवर आकारास आली. कागदोपत्री ही गावेच होती; पण तेथील जीवन नागरी झाले होते. नगर आधी झाले, पालिका मागाहून पोहोचली.

ठाणे महानगरपालिकेपाठोपाठ १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. कल्याण व डोंबिवलीसह अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची अनेक गावे तीत समाविष्ट झाली. हा बदल केवळ नावाचा नव्हता. नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्या जागी महापौर आणि आयुक्त आले. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी सत्ता शासनाने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती गेली. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९९५ साली झाली. तोवर बारा वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. याच बारा वर्षांत मुंबईत घर न परवडणारी हजारो कुटुंबे येथे आली, भातखाचरांवर इमारती चढल्या. त्या काळात ज्यांच्या दारात रस्ता आला नाही, त्यांनी कोणाच्या दारात जावे, याचे उत्तर नव्हते.

सीमारेषाही स्थिर राहिल्या नाहीत. अंबरनाथ आणि बदलापूर १९९२ साली वेगळे झाले. उल्हासनगरची स्वतंत्र महानगरपालिका १९९६ मध्ये झाली. कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे २००२ साली वगळली गेली, २०१५ साली पुन्हा घेतली गेली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. प्रत्येक वेळी तेथील रहिवाशांना कराचा दर, बांधकामाची परवानगी आणि नळजोडणी यांसाठी नवे कार्यालय शोधावे लागले. मोठ्या नागरी क्षेत्राचे निकष १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले आहेत : लोकसंख्या, तिची घनता, महसूल, बिगरशेती रोजगार आणि आर्थिक महत्त्व. हे निकष मोजता येतात. गावकऱ्यांची संमती मोजण्याची तरतूद त्यांत नाही.

नदीला मात्र या सीमा ठाऊक नाहीत. वालधुनी मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांतून निघते, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयाजवळून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणला येऊन खाडीला मिळते. वरच्या पालिकेने जे सोडले ते खालच्या पालिकेने सोसावयाचे, असा हा क्रम आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात वालधुनीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा त्याने हद्दीचा दगड पाहिला नाही. याउलट उल्हास नदीवर शहाडहून पाणी उचलून भिवंडीजवळील टेमघर येथे शुद्ध करणारी जी योजना ‘शहाड-टेमघर’ या नावाने प्रसिद्ध आहे, ती ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या शहरांना व काही ग्रामीण भागाला पाणी पुरविते. निरनिराळ्या स्थानिक संस्थांनी एका नदीवर मिळून कारभार करणे शक्य आहे, याचा पुरावा शहाडच्या नावातच आहे. पाणी आणण्यासाठी जे साधले, ते सांडपाण्यासाठी आणि पुरासाठी का साधू नये?

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली. एवढ्या लोकांच्या निर्वाचित महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. प्रथम महामारी, नंतर आरक्षण आणि प्रभागरचनेचे न्यायालयीन वाद यांमुळे जानेवारी २०२६ पर्यंत पुन्हा प्रशासकच होते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे संविधान सांगते. तरीही या नगराच्या पहिल्या बेचाळीस वर्षांपैकी सुमारे सतरा वर्षे नागरिकांचा प्रतिनिधी सभागृहात नव्हता.

अधिसूचनेने महानगरपालिका होते, हे खरे. कारखाने, लोहमार्ग आणि निर्वासितांचे कष्ट यांनी वस्ती वाढते, हेही खरे. पण वस्तीचे नगर व्हावयाचे, तर तेथे राहणाऱ्याला आपल्या नळाविषयी, नाल्याविषयी आणि रस्त्याविषयी प्रश्न विचारण्याचे एक निश्चित ठिकाण असावे लागते, आणि शिवेपलीकडच्या शेजाऱ्याचा नालाही आपलाच वाटावा लागतो. १८५५ च्या त्या लहानशा पालिकेच्या कारभारात त्रुटी पुष्कळ असतील. परंतु जाब कोणाला विचारावयाचा, हे त्या गावाला माहीत होते. महानगराने तेवढे जरी परत मिळविले, तरी शहाडच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आपण एकाच नगराचे नागरिक आहोत, असे म्हणता येईल.