काडतुसाचे पितळी कवच

काडतुसाचे पितळी कवच : गोळी, प्रचालक दारू व प्रस्फोटक टोपी यांना एकत्र धरून ठेवणारे काडतुसाचे नळकांडे. रायफलीसाठी ते सामान्यपणे सु. ७०% तांबे व ३०% जस्त असलेल्या पितळेचे करतात. दारू पेटताच कवच फुगून रायफलीच्या कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटते व तप्त वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ते किंचित आकसते आणि सहज ओढून काढता येते. याकरिता कवचाचे बूड कठीण, तर मान त्या मानाने मऊ असावी लागते. हे दोन परस्परविरोधी गुण एकाच धातूत आणणे व टिकविणे, या प्रयत्नांतून कवचाचा विकास झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काडतूस बहुधा कागदी असे. १८५७ च्या उठावाचे निमित्त ठरलेले एनफील्ड रायफलीचे काडतूसही कागदीच होते. मागून भरावयाच्या रायफलींत कागदामुळे वायूची गळती थांबत नसे. सामुएल पॉली यांनी पितळी बुडाच्या काडतुसाचे एकस्व पॅरिस येथे १८१२ मध्येच घेतले होते. तथापि सैन्यात धातूचे कवच रूढ होण्यास अर्धशतक लागले. वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ मध्ये पातळ पितळी पत्रा गुंडाळून त्यास वेगळे बूड जोडलेले काडतूस तयार केले. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीतही हीच रचना होती. सुदानमधील अबू क्ली येथील लढाईत (जानेवारी १८८५) अशी काडतुसे तापलेल्या रायफलींत अडकून बसली व ऐन हातघाईच्या वेळी अनेक सैनिकांची शस्त्रे निकामी झाली. त्यानंतर ब्रिटिश सैन्यात एकसंध पितळी कवचाचा स्वीकार झाला.

एकसंध कवच पितळेच्या चकतीपासून करतात. चकती दाबून प्रथम वाटी व नंतर ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी बनवितात. थंड स्थितीत ओढल्याने पितळ कठीण व ठिसूळ होते. म्हणून दोन टप्प्यांच्या दरम्यान ते तापवून मऊ करतात (अनुशीतन). अखेरीस बूड दाबून कठीण केले जाते आणि खांदा व मान घडविल्यावर तेवढाच भाग पुन्हा तापवितात.

या शेवटच्या क्रियेचे महत्त्व भारतातील अनुभवाने स्पष्ट झाले. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत, तेव्हा काडतुसे तबेल्यांत साठवीत. पावसाळा संपल्यावर त्यांतील अनेक कवचे, विशेषतः गोळी आवळून बसविलेल्या मानेशी, तडकलेली आढळत. ऋतूशी असलेल्या या संबंधावरून त्यास ‘ऋतुजन्य तडकणे’ या अर्थाचे नाव मिळाले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याची मीमांसा केली : घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया व ओढलेल्या धातूत शिल्लक राहिलेला अंतर्गत ताण यांच्या संयुक्त परिणामाने पितळेस तडे जातात. सौम्य तापवण्याने हा ताण नाहीसा करता येतो.

पितळी कवच पुन्हा वापरता येत असल्याने नेमबाजांनी ते हाताने भरण्याची कला विकसित केली. न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे १८७४ मध्ये ८००, ९०० व १,००० यार्डांवर झालेल्या सामन्यात मागून भरावयाच्या रायफली वापरणाऱ्या अमेरिकन संघाने तोंडाकडून भरावयाच्या रायफली वापरणाऱ्या आयरिश संघावर ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी निसटता विजय मिळविला. फ्रँक्लिन मान यांनी गोळीच्या मार्गावर दीर्घकाळ प्रयोग करून १९०९ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. टोपीच्या रचनेचाही या कलेवर परिणाम झाला. हायरम बर्डान यांच्या पद्धतीत टोपीची ऐरण कवचातच असते व ठिणगीसाठी बहुधा दोन छिद्रे असतात. बॉक्सर पद्धतीत ऐरण टोपीत असून मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे वापरलेली टोपी सळईने ढकलून काढता येते. ब्रिटिश बॉक्सर यांची पद्धत अमेरिकेत, तर अमेरिकन बर्डान यांची यूरोपात अधिक रुजली. मर्क्युरी फल्मिनेटाच्या जुन्या टोप्यांतील पारा पितळ ठिसूळ करी. त्या मागे पडल्यावर पुनर्भरण अधिक सुरक्षित झाले.

अचूकतेसाठी कवचांत एकसारखेपणा आवश्यक असतो. त्याकरिता कवचे स्वच्छ करून वजनानुसार निवडतात, साच्यात दाबून मूळ मापावर आणतात, वाढलेली लांबी छाटतात, तोंडाची कड घासतात व मानेची जाडी सर्वत्र सारखी करतात. मानेची पकड कवचागणिक बदलल्यास गोळीचा वेगही बदलतो व दूरच्या लक्ष्यावर ती वर किंवा खाली लागते. वारंवार वापराने कठीण झालेली मान तापवून मऊ करतात. मात्र ही उष्णता बुडापर्यंत पोहोचल्यास बूड मऊ होते व गोळी झाडताना कवच फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येण्याचा धोका असतो. बुडाच्या वर उजळ वर्तुळाकार रेषा दिसू लागल्यास भिंत पातळ झाल्याचे समजून कवच टाकून देतात.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहे.